घर विकायला काढलंय, बघायला येणाऱ्यांना कसं तोंड द्यायचं? (नाशिक)

दारातली_तुळस | १४ जून २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

इंदिरानगरला आमचा टू बीएचके आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बिल्डिंग १९९८ ची. आईचे गुडघे आता जिन्याला दाद देत नाहीत, म्हणून हा विकून पाथर्डी फाट्याकडे लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये जायचं ठरवलंय. मी आणि आई दोघीच असतो. महिन्याभरात अकरा पार्ट्या येऊन गेल्या. (बघायला येणाऱ्याला ‘पार्टी’ म्हणतात हे एजंटकडून कळलं. आई पहिल्या दिवशी विचारत होती, कसली पार्टी, किती माणसं जेवायला?)

घर दाखवणं म्हणजे दार उघडायचं, फिरवून आणायचं, भाव सांगायचा, एवढंच मला वाटत होतं. पण पहिली पार्टी रविवारी दुपारी एक वाजता आली, सहा जण. आमची पानं वाढलेली. त्यांचा नातू सोफ्यावर उड्या मारतोय, आजोबा आमच्या ताटाकडे बघून विचारतायत, “शेवग्याच्या शेंगा कुठून आणता?” दुसऱ्या पार्टीने चपला काढायच्या आधीच विचारलं, “फायनल किती?” तिसऱ्या बाईंनी माझं कपड्यांचं कपाट उघडलं. भिंतीतलं नाही, गोदरेजचं.

पाचवे गृहस्थ एकटेच आले, राखाडी शर्ट, काखेत डायरी. कुणाशी बोलले नाहीत. हॉलच्या मधोमध उभे राहिले, खिशातून काचेची गोटी काढली आणि फरशीवर ठेवली. गोटी जरा थांबली, मग सावकाश बाल्कनीकडे निघाली आणि उंबरठ्याला टेकली. ते वाकले, गोटी उचलून रुमालाने पुसली, डायरीत काहीतरी लिहिलं, “येतो” म्हणाले आणि गेले. सत्तावीस वर्षं या फरशीवर राहतोय, तिला ढाळ आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्या रात्री मी पण गोटी शोधली. मिळाली नाही, मग लिंबू ठेवून पाहिलं.

आता आईचं. ती प्रत्येकाला चहा करते आणि चहा देता देता सांगते, “त्या पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते हं. कपाट सरकवून बघून घ्या.” मी डोळे वटारते. ती म्हणते, उद्या शिव्या कोण खाणार?

तर विचारायचं असं: हे लोक नक्की काय बघतात? मी सोबत फिरायचं की बसून राहायचं? आवडलं की नाही कसं ओळखायचं? आणि आईला त्या वेळी देवळात पाठवू का? सांगितलेला भाव ४२ लाख आहे. एकाने ३४ म्हटल्यावर मला रडू आलं होतं, हे खरं सांगते.

---

जुना_दलाल | १५ जून, सकाळी ७.१५

तुळसताई, बावीस वर्षं हाच धंदा केला, मुख्यतः कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि तुमच्या बाजूला अशोका मार्गापर्यंत. आता गुडघे माझेही गेले. मोकळेपणाने सांगतो.

अकरांतले सात-आठ जण घ्यायला आलेले नव्हते. काही जण बाजार कळावा म्हणून फिरतात. काहींना कर्ज किती मिळेल हेही माहीत नसतं. आणि काहींना तुमच्याकडे आमच्यासारखा माणूस मुद्दाम आणतो. त्याला दुसरा फ्लॅट विकायचा असतो, तो बरा दिसावा म्हणून आधी तुमचे तीन मजले चढवतो. पार्टी धापा टाकत वर येते, मग पुढच्या बिल्डिंगची लिफ्ट दाखवली की काम झालं. हे मी स्वतः केलेलं आहे, आता कबूल करायला हरकत नाही.

खरा गिऱ्हाईक पहिल्या भेटीत ओळखू येत नाही. दुसऱ्या भेटीत येतो. तो परत येतो आणि सोबत कुणाला तरी आणतो: सासऱ्यांना, मोठ्या भावाला, नाहीतर गवंड्याला. अवेळी येतो. संध्याकाळी सातला येऊन खाली पार्किंगमध्येच पंधरा मिनिटं रेंगाळतो, वॉचमनला विचारतो पाणी किती वेळा येतं. रंगाचं कौतुक करणारा सहसा घेत नाही. मीटर कुणाच्या नावावर आहे असं विचारणारा घेतो.

नळ सोडून बघणारच. सगळे एकदम सोडतात, धार कमी होते का बघायला. तेव्हा टाकी भरलेली असेल अशीच वेळ द्या. फ्लश ओढतात, त्याला हसू नका. खिडक्या उघडून बंद करतात, अडकणाऱ्या कडीला तेल लावून ठेवा. बंद पडलेले बल्ब बदला. माळ्यावरचं सामान निम्मं तरी काढा. माळा गच्च दिसला की घरात जागा पुरत नाही असा अर्थ होतो. त्या दिवशी तळण नको, आणि उदबत्तीचा धूरही नको. फार सुवास आला की माणूस विचार करतो, कशाचा वास झाकतायत?

रविवारी एकची वेळ कधीच देऊ नका. तुमची बाल्कनी पश्चिमेची दिसतेय. जूनपर्यंत संध्याकाळी पाचला तिथे उभं राहवत नाही. सकाळी दहा-साडेदहा चांगली. पाऊस लागल्यावर उलट, उघडीप मिळाली की लगेच बोलवा.

दोन पार्ट्या पाठोपाठ बोलवून घाई दाखवायची युक्ती जुनी आहे. जमली तर जमते. फसली तर दोघंही जिन्यात भेटतात आणि आपापसात भाव काढतात.

रंगाबद्दल एकच. ओल झाकायला घाईत हात मारू नका. नव्या रंगाचा वास आणि फक्त एकाच भिंतीला ताजा रंग, एवढ्यावरून गवंड्याला सगळं कळतं. आईंचं बरोबर आहे.

---

अंबड_सेकंड_शिफ्ट | १५ जून, दुपारी २.५०

मी पलीकडच्या बाजूने लिहितो. गेल्या वर्षी घर घेतलं, सत्तावीस घरं बघून. त्या राखाडी शर्टवाल्या काकांना माझा नमस्कार. मी गोटी नेत नव्हतो, पाच रुपयांचं नाणं न्यायचो. फरशी वाजवायची, पोकळ आवाज आला की खालचा माल सुटलाय.

सगळ्यात नकोसं काय व्हायचं माहितेय? मालक मागे मागे फिरायचे. आम्ही बाथरूममध्ये डोकावतोय आणि ते दारात उभे, “हे जॅग्वारचे नळ आहेत.” दिसतंय हो. मला आणि बायकोला स्वयंपाकघरात दोन मिनिटं कुणी नको असायचं. ओटा तिच्या उंचीला बसतो का, फ्रिज कुठे जाईल, सिलेंडर कुठे, हे ती हाताने हवेत मांडून बघते. मालक समोर असला की ती हात खिशात घालते. (ड्रेसला खिसे आहेत, तेवढी प्रगती झालीय.)

आणि “आम्ही या किचनवर चार लाख घातलेत” हे वाक्य. घातले असतील. मला तो जांभळा रंग काढायला अजून लाख घालावे लागणार, हे मी तोंडावर कसं सांगू?

आता आवडलंय की नाही कसं ओळखायचं. आम्हाला आवडलं की आम्ही गप्प व्हायचो. बायकोला मी घरून पढवून न्यायचो, “छान आहे” म्हणायचं नाही, भाव चढतो. जे घर शेवटी घेतलं तिथे ती पंधरा मिनिटं एक शब्द बोलली नाही, मालकांना वाटलं ताईंना बरं नाही. तेव्हा गप्प पार्टीवर नाराज होऊ नका. “वा वा, काय व्ह्यू आहे” म्हणणारे परत फिरकत नाहीत.

३४ लाखांचं मनाला लावून घेऊ नका. तो तुमचा अपमान करत नव्हता, अंदाज घेत होता. मीही एका ठिकाणी आठ लाख खाली बोललो होतो. त्यांनी पाणीसुद्धा दिलं नाही, पण चार दिवसांनी फोन केला.

---

रोखठोक | १५ जून, संध्याकाळी ६.०५

चहा पहिला बंद करा. अकरा पार्ट्या गुणिले चार कप. आईंना देवळात पाठवा, आणि ओलीबद्दल विचारलं तरच सांगा. स्वतःहून सांगायला ते काय आपले जावई आहेत?

शिवाय घाई कशाला? कुंभ २०२७ मध्ये आहे. रस्ते होणार, भाव वाढणार. समृद्धी महामार्गही या महिन्यात मुंबईजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण सुरू झाला. मुंबईकर येणारच. दोन वर्षं थांबा, ५० मागा.

---

जुना_दलाल | १५ जून, संध्याकाळी ७.३०

रोखठोक साहेब, २०१५ च्या कुंभाआधीही हेच ऐकलं होतं. तेव्हा माझ्याकडे अशाच थांबलेल्या मालकांची वही होती. रस्ते झाले, घाट झाले, जमिनीवाल्यांचं काहींचं भलंही झालं. पण लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याला कुंभाने लिफ्ट बसत नाही. बिल्डिंग तेवढी दोन वर्षांनी म्हातारी होते, आणि ताईंच्या आईसुद्धा.

विकेंडला घर बघणारा मुंबईकर वेगळा. त्याला गंगापूर धरणाच्या बाजूला, झाडीत, बंगला नाहीतर रो हाऊस हवं असतं. इंदिरानगरात घेणारा इथलाच असतो. अंबडला नोकरी, मुलं जवळच्या शाळेत. त्याला ओल चालते, लपवलेली ओल चालत नाही.

---

कागद_आधी | १६ जून, सकाळी ११.२०

मी वकिलांच्या ऑफिसात खरेदीखतं टाइप करते, त्यामुळे घर बघण्यापेक्षा त्यानंतर काय होतं ते जास्त बघितलंय.

तुळसताई, भिंती नंतर. आधी फाईल काढून बघा. मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, लाइट बिल, मेंटेनन्सची बाकी नसल्याचं पत्र. कर्ज असेल तर मूळ कागद बँकेत असतात, ते तोंडावर आधीच सांगा. वडील वारले असतील आणि त्यांचं नाव अजून कागदावर असेल तर वारसांचं प्रकरण आधी मार्गी लावा. टोकन (बयाणा) घेतल्यावर बहिणीची सही नाही म्हणून चार महिने अडकलेले व्यवहार आमच्याकडे रांगेत असतात.

आणि पूर्णत्वाचा दाखला. नाशिकमध्ये हा शब्द उच्चारला की जुनेजाणते दचकतात. २०१५-१६ च्या सुमाराची कपाट कोंडी आठवते ना? बिल्डरांनी कपाटाची जागा एफएसआयच्या, म्हणजे परवानगी असलेल्या बांधकामाच्या मर्यादेच्या, बाहेर धरून बांधलेली, महापालिकेने दाखले अडवले, लोकांची राहती घरं कागदावर अर्धवट राहिली. तुमची बिल्डिंग त्याआधीची आहे, दाखला असेलच, पण हातात घेऊन बघा. बाल्कनी बंद करून हॉलला जोडली असेल तर बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) मंजूर नकाशाशी ताडून बघतो. तिथे प्रश्न निघतो, पार्टीच्या नजरेतून सुटलं तरी.

पार्टीने फोटो काढायला मागितले तर घराचे काढू द्या. कागदांच्या झेरॉक्स पहिल्या भेटीत देऊ नका, नुसते दाखवा. आधार-पॅनची प्रत तर टोकनशिवाय नाहीच.

पैशांचं: “थोडे रोख चालतील का” हा प्रश्न येणार, बहुधा जिन्यात, हळू आवाजात. २०१५ पासून जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, होऊ शकतो. भाव ५० लाखांच्या आत असल्याने घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापायचा प्रश्न तुमच्याकडे नाही. ५० किंवा वर असता तर कापावा लागला असता. सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम म्हणून २५ हजारांच्या वर मागता येत नाही. सेक्रेटरी ‘विकासनिधी’ वगैरे म्हणाले तर सहकार खात्याचं २००१ चं परिपत्रक आहे एवढं नुसतं म्हणा, बहुतेकदा पुरतं.

सिडकोतलं घर असतं तर कागद वेगळे लागले असते, ते वाचणाऱ्यांपैकी कुणाला हवं असेल तर वेगळा धागा काढा.

---

झणझणीत_रस्सा | १६ जून, दुपारी १.१०

आमच्याकडे आलेल्या काकांनी मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं आणि थेट टॉयलेटमध्ये जाऊन गोल फिरले. बाहेर येऊन म्हणाले, “ईशान्येला आहे.” मी म्हटलं, काका, वीस वर्षं आम्हाला नुसतं ‘डावीकडे’ एवढंच माहीत होतं.

दरवाजा दक्षिणेला असेल तर फोनवरच सांगून टाका. ज्याला चालत नाही तो तीन मजले चढून नाही म्हणण्यापेक्षा खालूनच नाही म्हणू दे. आमचे चहाचे बरेच कप वाचले.

---

एकटी_पण_बरी | १६ जून, रात्री ९.४५

दोघी बायका राहता म्हणून मुद्दाम लिहितेय. वेळ देताना नाव आणि नंबर लिहून घ्या, आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा. मी समोरच्या काकूंना दार उघडं ठेवायला सांगायची. त्यांनी ते काम इतकं मनावर घेतलं की त्या पार्टीबरोबर आत यायला लागल्या. दागिने, औषधं, पासबुकं, किल्ल्यांची जुडी आदल्या रात्रीच एका डब्यात. चोर आले असं नाही, पण सहा माणसं तीन खोल्यांत पसरली की आपले दोन डोळे पुरत नाहीत.

दुसरं, ‘फौजी’. ऑनलाइन जाहिरात टाकली की दुसऱ्याच दिवशी फोन येतो: मी सैन्यात आहे, बदली देवळालीला झाली, घर न बघताच पसंत आहे, टोकन आत्ता पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा. आपल्याकडे देवळाली कॅम्प असल्यामुळे खरं वाटतं. पैसे घ्यायला कधीही काही स्कॅन करावं लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. मला आलेल्या माणसाने कॅन्टीन कार्डाचा फोटोही पाठवला होता. न बघता घर घेणारा माणूस या शहरात नाही.

---

दारातली_तुळस | १७ जून, रात्री ११.००

सगळ्यांचे आभार. फौजींचा फोन आम्हालाही आला होता! आईने त्यांना जेवायला बोलावलं, म्हणून त्यांनीच फोन ठेवला.

फाईल काढली. करारनामा, इंडेक्स टू आहे, दाखल्याची झेरॉक्स सेक्रेटरींकडे मिळाली. बाबांचं नाव २०१९ लाच काढून आईच्या नावावर झालेलं, ते सुदैवाने तेव्हाच उरकलं होतं. गोदरेजच्या कपाटाला कुलूप लावलं. चहा चालूच आहे, त्यावर तडजोड होणार नाही असं वरून कळवण्यात आलंय.

---

दारातली_तुळस | २७ जुलै, रात्री ९.२०

इथे पुन्हा लिहायला उशीर झाला. पाऊस लागला आणि अर्थातच ओल आली. पश्चिमेच्या भिंतीला वाऱ्याचा पाऊस सरळ बसतो, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून खाली नाशिक जिल्ह्याच्या नकाशासारखा डाग उतरतो. मध्ये चार पार्ट्या आल्या. एकाने डागाकडे बघून मला धीर दिला, “होतं हो असं.” गेले ते गेलेच.

अंबडवाल्यांचं ऐकून मी आता फिरत नाही. दार उघडते, दिवे लावते, पंख्याची बटणं दाखवते आणि हॉलमध्ये बसून वर्तमानपत्र धरते. वाचत नाही. कान तिकडेच. आतल्या खोलीतून एकदा ऐकू आलं, “आजींचं देवघर इथे आहे तिथे आपला वॉशिंग मशीन.” मी पान उलटलं. आईने ऐकलं नसावं असं मला वाटत होतं. रात्री म्हणाली, “प्लगपॉइंट मात्र तिथे नाही, त्यांना सांगायला हवं होतं.”

गेल्या रविवारी एक जोडपं आलं, तिशीतलं, मुलगी पहिलीत. तो सातपूरला नोकरीला. पाऊस चालू असतानाच आले, छत्र्या जिन्यात उघड्या ठेवून. बायको काही बोलली नाही. (हो, ते मीही टिपलं.) आईने नेहमीचं सांगितलं. तो म्हणाला, “आजी, दिसतंय.” मग विचारलं, “पण बाहेरून प्लास्टर कधी केलं होतं?” आईला आठवेना. मला पावती सापडली: २०११. आज ते परत आले, सोबत सासरे.

---

जुना_दलाल | २७ जुलै, रात्री १०.०५

सासरे आले. आता तिसऱ्यांदा गवंडी येईल. वर गच्चीची चावी जवळ ठेवा, तो गच्चीत जाईलच. पंधरा मिनिटं पॅरापेट (कठडा) ठोकेल आणि खर्चाचा आकडा तुमच्यासमोर मोठ्याने सांगेल. तो आकडा पार्टीने त्याला पढवलेला असतो. त्याच्या निम्म्यावर भाव तुटतो.

---

दारातली_तुळस | २४ ऑगस्ट, रात्री ८.१५

दलालकाका, तुमच्या पायाचं तीर्थ घ्यायला हवं. गवंडी आला. गच्चीत गेला. एक लाख वीस हजार म्हणाला. चहा दोन कप प्याला.

भाव ४० लाखांवर आलाय, बाहेरच्या वॉटरप्रूफिंगचं त्यातच धरून. मी ४१ वर थांबणार होते, आई म्हणाली राहू दे. रोखीचं त्यांनी विचारलंच नाही. उलट त्यांनीच विचारलं की घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर चालेल ना, बाईच्या नावावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. मला काय चालायचंय.

टोकनचं मात्र घोंगडं भिजत पडलंय. आधी गणपती आहेत म्हणाले, नंतर पितृपक्ष, त्यात कसं द्यायचं. मला भीती वाटतेय, तेवढ्यात दुसरं घर बघितलं तर?

---

अंबड_सेकंड_शिफ्ट | २४ ऑगस्ट, रात्री ९.००

बघतील. मीही बघितली होती. पण गवंड्याची मजुरी खिशातून दिलेला माणूस सहसा मागे फिरत नाही. तुम्हीही दाखवणं बंद करू नका, फक्त त्यांना तसं सांगून ठेवा, म्हणजे नंतर वाईटपणा नको.

---

रोखठोक | २४ ऑगस्ट, रात्री ९.४०

४० म्हणजे दोन लाख सोडले. ओलीचं आधी सांगितलं नसतं तर ४२ आले असते. माझं मत तेच आहे.

---

कागद_आधी | २५ ऑगस्ट, सकाळी १०.३०

रोखठोक, भर पावसात आलेत ते. कुणी न सांगताही दिसलंच असतं.

ताई, टोकन घ्याल तेव्हा चेकनेच घ्या, आणि साध्या कागदावर का होईना दोन ओळी लिहा: कधीपर्यंत साठेखत (खरेदीखताआधीचा करार), व्यवहार मोडला तर टोकनचं काय. आणि अजून एक, हे सगळे विसरतात. घरात काय राहणार ते लिहून घ्या. पंखे, गीझर, पडद्याचे रॉड, किचनमधली ट्रॉली, इन्व्हर्टर. बघायला आलेल्याला जे दिसतं ते घराबरोबरच मिळणार असं तो धरून चालतो. आमच्या ऑफिसात एका झुंबरावरून नोंदणीच्या दिवशी दोन्ही पार्ट्या उठून गेल्या होत्या.

---

दारातली_तुळस | ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.३०

घटस्थापनेला टोकन मिळालं, ५१ हजारांचा चेक. मध्ये तीन पार्ट्या अजून आल्या होत्या, एकाने ३९ म्हटलं.

परवा बँकेचा व्हॅल्युअर आला. तो सगळ्यांत वेगळा. दारावरच्या पाटीचा फोटो, मीटरचा फोटो, लेझरने खोल्या मापल्या, बाल्कनीत डोकावला, बारा मिनिटांत खाली. चहा नाही घेतला. एवढ्या माणसांत आईला फक्त त्याचाच राग आलाय.

मग ते जोडपं घरात काय राहणार त्याची यादी करायला आलं. पंखे राहणार, गीझर राहणार, ट्रॉली राहणार, इन्व्हर्टर आम्ही नेणार. सगळं सुरळीत चाललं होतं आणि ती मुलगी, म्हणजे त्याची बायको, इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून बोलली: “आणि बाल्कनीतली ती कपड्यांची?” छताला कप्पी बसवून दोरीने वर-खाली होणाऱ्या चार काठ्या आहेत आमच्या. बाबांनी स्वतः बसवलेल्या, भोकं पाडताना शेजारच्यांशी भांडणही झालेलं. तिथे पाथर्डीला त्या बसणार नाहीत, छत खोटं आहे. हे मला माहीत आहे आणि आईलाही. तरी आई “नाही” म्हणाली आणि आत गेली.

ती मुलगी ओशाळली. मी काहीतरी बोलत राहिले, कर्जाचं, तारखेचं.

आई दहा मिनिटांनी बाहेर आली. काठ्या खाली घे म्हणाली मला. मग स्टुलावर बसून तिने एकेक गाठ सोडवली, चारही दोऱ्या काढल्या, कोपरावर गुंडाळून त्यांची लड केली. कप्प्या आणि काठ्या राहू दे म्हणाली, यादीत लिही. दोऱ्या तिच्याकडे आहेत.

त्या मुलीने विचारलं, दोरी कुठली घ्यायची, नायलॉनची चालेल का. आई म्हणाली, नायलॉन निसटते, सुती घे, मेन रोडला मिळेल, आणि दर दोन वर्षांनी बदल.